सोडण्यासाठी धरलेली पाखरं

शनिवार होता. झोटवाड्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात कुकर गार पडला होता, सुट्टी असूनही श्रीपाद दाढी करून मोबाइलमध्ये बदल्यांची यादी शोधत बसला होता, आणि त्याची आई तारामतीबाई देवघरासमोर पाय पसरून हळदीत भिजवलेले दोरे मोजत होत्या. अकरा दोरे. आदल्या दिवशी वाटीत बुडवून ठेवायचे, सकाळपर्यंत वाळवायचे, हा त्यांचा सोळा आठवड्यांचा नेम होता.

श्रीपाद विमा कंपनीत अधिकारी. जयपूरला येऊन पाच वर्षं झाली. एकुलता मुलगा निनाद पुण्यात शिकायला, वाळव्याकडचं घर कुलपात, आणि तारामतीबाईंना ना इथली भाषा नीट येत होती ना इथलं पाणी सोसत होतं. बदलीचा अर्ज दोनदा परत आला, तेव्हा शेजारणीनं एका ज्योतिषाचा पत्ता दिला. त्यानं शनी सांगितला आणि उपायही सांगितला: एकवीस शनिवार अकरा बंदिवान पाखरं सोडा, तुमचा मुलगाही सुटेल.

आता पाखरं सुटली की विमा कंपनी माणूस का सोडेल, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं असतं. पण अडलेल्या माणसाला प्रश्न विचारायची उसंत नसते, आणि अडलेल्यांवरच तर हा सगळा बाजार उभा आहे. शनीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर बनवारीचं पाखरांचं दुकान होतं. दर शनिवारी तिथं गिऱ्हाइकांची रांग लागे. कुणाला मुलीचं लग्न जमवायचं असे, कुणाला कोर्टातली तारीख टाळायची असे. बनवारी लहानशा पिंजऱ्यात मुनिया काढून द्यायचा. चिमणीपेक्षाही लहान, तपकिरी पाठीच्या, पांढुरक्या पोटाच्या. गिऱ्हाइकानं समोरच्या मोकळ्या प्लॉटवर जाऊन दार उघडायचं, हात जोडायचे आणि घरी जायचं.

तारामतीबाईंना एवढ्यावर समाधान नव्हतं. पहिल्याच शनिवारी त्या सुनेला म्हणाल्या होत्या, "आगं अमिता, नुसतंच कसं सोडायचं? शंभर बायका सोडत्यात. आपलं पाखरू कंचं, ते देवाला कळाय नको व्हय?" म्हणून त्या प्रत्येक मुनियेच्या पायाला हळदीचा दोरा बांधायच्या. बनवारी हसत पाखरू मुठीत धरून उभा राहायचा आणि या तीन गाठी मारायच्या. एक श्रीपादची, एक निनादची, एक घराण्याची. सुनेची गाठ नव्हती. अमितानं ते पाहिलं होतं, मनात धरलं नव्हतं. बावीस वर्षांच्या संसारात अशा किती गाठी मोजायच्या?

त्या सतराव्या शनिवारी तारामतीबाई प्लॉटवर गेल्या आणि अमिता दुकानात सुटे परत घ्यायला थांबली. मागच्या मोठ्या पिंजऱ्यात वीसपंचवीस मुनिया एकमेकींना खेटून बसल्या होत्या. त्यातल्या एकीच्या पायाला काहीतरी पिवळं होतं. अमितानं वाकून पाहिलं. हळदीचा दोरा. तीन गाठी. पाय दोऱ्याच्या वर सुजून जाड झाला होता, आणि ते पाखरू दुसऱ्या पायावर तोल सांभाळत होतं. तिनं नीट पाहिलं तेव्हा आणखी दिसलं: जवळजवळ सगळ्याच मुनियांची एका पंखाची पिसं कात्रीनं कापल्यासारखी आखूड होती.

तिनं बनवारीला विचारलं. तो काही ओशाळला नाही. प्लॉटच्या मागं नाल्याकाठी बाभळी होत्या, तिथं जाळी लावलेली होती. पंख अधू असलेली पाखरं त्यापलीकडं जात नव्हती, हे त्यानं आपल्या कामाची हुशारी सांगावी तसं सांगितलं. वर म्हणाला, "बहनजी, पुण्य आपका, मेहनत हमारी. इसमें किसका क्या बिगड़ा?"

घरी येऊन अमितानं सगळं सांगितलं. तारामतीबाईंचा आधी विश्वासच बसला नाही. मग त्या म्हणाल्या की तो दोरा दुसऱ्या कुणाचा असेल. या गावात दुसरं कोण हळदीत दोरा भिजवून तीन गाठी मारतं, हे त्यांनाही ठाऊक होतं, पण चार शनिवार उरले होते. श्रीपाद म्हणाला, आई एवढ्या श्रद्धेनं करते आहे, एक महिन्याचा तर प्रश्न आहे, मग नाही जायचं तिकडं. त्याचं म्हणणं असं वाजवी असायचं, आणि त्या वाजवीपणाच्या खाली अमिताचं म्हणणं दरवेळी दबून जायचं.

दोन आठवडे तिला तो सुजलेला पाय स्वयंपाक करताना दिसत राहिला. ती कुणाला फोन करू शकली असती. वनखात्याचं कार्यालय झालान्याला, श्रीपादच्या ऑफिसच्याच रस्त्यावर होतं, तिनं त्याची पाटी शंभरदा वाचली होती. पण तक्रार केली तर सासूचं नाव येईल, नवऱ्याचं नाव येईल. म्हणून तिनं तक्रार केली नाही. आणि जी गोष्ट सरळ दारानं करता येत नाही, ती माणूस एक दिवस आडदारानं करून बसतो.

एकोणिसाव्या शनिवारी तारामतीबाईंचे गुडघे धरले. त्यांनी दोरे अमिताच्या हातात दिले, गाठी तीनच मार म्हणून बजावलं आणि तिला एकटीला पाठवलं. भर दुपार. बनवारी समोरच्या हातपंपावर जेवणाचा डबा धूत होता. दुकानाच्या मागच्या आवाराला नुसती कडी होती.

अमितानं ती काढली.

आत मुनियांचे तीन पिंजरे होते. तिनं तिन्ही उघडले. पोपटांचा एक होता, तो उघडला. कोपऱ्यात निळ्या, पिवळ्या, हिरव्या बजरीगरांचा भलामोठा पिंजरा होता. ही घरात पाळायची परदेशी पाखरं, यांची पैदास पिंजऱ्यातच होते. तिनं तोही उघडला. त्या क्षणी तिला कुठल्या पाखरात काही फरकच दिसत नव्हता. आवार पंखांनी भरून गेलं, आणि तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटलं. ती चक्क हसली.

तिचं ते हसू फार टिकलं नाही. पोपट गेले. मुनिया धडपडत, कुंपणावरून, पत्र्यावरून, कशाबशा पांगल्या. बजरीगर मात्र विजेच्या तारेवर ओळीनं जाऊन बसले. उन्हात, उघड्यावर, कुठं जायचं ते न कळून. ज्याचा जन्मच पिंजऱ्यात गेला त्याला आभाळाचं काय करायचं ते कोण शिकवणार? पहिला कावळा आला आणि एक निळं पाखरू घेऊन गेला. मग दुसरा आला. अमिता खालून दुपट्टा हलवत हुसकावत राहिली, तशी ती पाखरं घाबरून रस्त्यावर उतरली. तिथं कुत्री होती, रिक्षा होत्या. बनवारी ओरडत आला तोवर तिच्या पायाशी फक्त एक मुनिया उरली होती. पिवळ्या दोऱ्याची. तिला उडताच आलं नव्हतं. अमितानं ती उचलून भाजीच्या पिशवीत ठेवली आणि चालू लागली. घरी येऊन तिनं झालं ते सगळं सांगितलं, पिशवी टेबलावर ठेवली, आणि न्हाणीघरात जाऊन किती तरी वेळ हात धूत राहिली.

बनवारीच्या शेजारच्या कचोरीवाल्यानं आपल्या दुकानावर कॅमेरा लावलेला होता, त्यात बनवारीचं मागचं आवारही दिसायचं. मंगळवारी सकाळी ठाण्यातून एक हवालदार आणि एक महिला शिपाई आले. आवारात बेकायदा शिरणं, चोरी, मालाची नासधूस. चौकशीला हजर राहण्याची नोटीस त्यांनी अमिताच्या हातात दिली, सही घेतली आणि पाणी पिऊन गेले. तक्रारीत बेचाळीस बजरीगर लिहिले होते. मुनियांचा आणि पोपटांचा एक शब्दही नव्हता. समोरच्या दारातल्या बिमलाजी, ज्यांनी ज्योतिषाचा पत्ता दिला होता, त्यांनी पोलीस जिना उतरेपर्यंत दार किलकिलं ठेवलं आणि मग लावून घेतलं.

श्रीपादनं डोक्याला हात लावला. तो वाईट माणूस नव्हता, हे इथंच सांगते, नाहीतर तुम्ही सगळा राग त्याच्यावर काढून मोकळे व्हाल. त्याला पन्नाशीत पहिल्यांदा घरात पोलीस दिसला होता. त्यानं अमिताला एकच विचारलं, की तिनं चोरी का केली. मी एकही बजरीगर नेला नाही, ती म्हणाली. तिला खरोखरच वाटत होतं की जे नेलं नाही त्याची चोरी कशी होईल.

ते तिला वकिलीणबाईंनी समजावलं. जयंतीताई म्हणजे मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झालेल्या. नवरा लष्करात, छावणीत क्वार्टर, आणि स्वतः जिल्हा न्यायालयात वकिली. त्यांनी चहासुद्धा न घेता कागद वाचले.

"चोरी म्हणजे वस्तू घरी नेणंच असं नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू, त्याला न विचारता, त्याचं नुकसान होईल अशी हलवली, तरी कायदा चोरी म्हणू शकतो. बजरीगर पाळणं-विकणं गुन्हा नाही. ते त्याचे होते. तुमचा हेतू चांगला होता हे शिक्षेच्या वेळी ऐकतील, गुन्ह्याच्या वेळी नाही."

"आणि मुनिया?"

"त्या रानातल्या. त्या त्याच्या नव्हत्याच. त्या पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं, सगळाच गुन्हा, आणि साधा नाही. तुम्ही वनखात्याला एक फोन केला असता, तर पंचनामा होऊन आज नोटीस त्याच्या दारात असती. अमिता, तुम्ही पाखरं नाही सोडलीत. तुम्ही पुरावा सोडलात."

अमितानं मग बुटांचं खोकं आणून पुढं ठेवलं. आत कापसावर ती मुनिया बसली होती. जयंतीताईंनी झाकण उघडून पाहिलं आणि लगेच लावलं. हा एकच पुरावा उरला आहे, त्या म्हणाल्या, पण घरात ठेवला आहे म्हणजे हाही गुन्हाच. वनखात्यात नेऊन द्यावा लागेल. तिथं विचारतील, कुठून आणला? खरं सांगितलं तर कडी आपणच काढली हे आपल्याच तोंडानं कबूल होईल. दोरा कुणी बांधला विचारतील, तर त्यालाही उत्तर द्यावं लागेल. आणि रानातलं पाखरू विकत घेणं, मग ते सोडण्यासाठी का असेना, तोही गुन्हा.

तारामतीबाई सोफ्याच्या टोकाला बसून ऐकत होत्या. त्यांना सगळं मराठी कळत होतं, हीच त्या घडीची मोठी अडचण होती.

अडकणं म्हणजे काय ते अमिताला त्या आठवड्यात कळलं. गप्प बसावं तर ती चोर, आणि बनवारी साव. बोलावं तर तीही गुन्हेगार आणि सासूही. खोकं ठेवावं तर गुन्हा. ते पाखरू कुठं सोडून द्यावं तर मांजर टपलेलं. बिमलाजी जिन्यात भेटल्या की भिंतीकडं बघायच्या. फोनवर निनादनं विचारलं, मम्मी, तुझा व्हिडिओ इकडं फिरतोय, तू खरंच अशी हसत होतीस का? घरातल्या घरात ती या खोलीतून त्या खोलीत फिरे, आणि प्रत्येक खोलीत कुणीतरी तिच्या भल्याचंच सांगत असे.

शुक्रवारी दुपारी श्रीपाद अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला. त्याच्या हातात समझोत्याचा कागद होता. भरपाई घेऊन बनवारी तक्रार मागं घ्यायला तयार होता, कोर्टाची परवानगी मिळाली की मिटलं. अमितानं कागद वाचला. दुकानात फक्त कायद्यानं विकता येणारी पाखरं होती, असं त्यात तिच्या तोंडी घातलं होतं. आणि खाली आणखी एक ओळ होती: गेले काही महिने मानसिक स्वास्थ्य ठीक नसल्यामुळं हे कृत्य घडलं.

"ही ओळ कुणाची?" तिनं विचारलं.

श्रीपादनं खाली पाहिलं. त्यानं सांगितलं की बनवारीच्या वकिलानं सुचवली, म्हणजे प्रकरण मऊ होतं. बदलीची यादी पंधरा दिवसांत लागणार आहे. ऑफिसात लोक विचारू लागले आहेत. एक सही केली की सगळं पहिल्यासारखं होईल. "तू वेडी आहेस असं कुणी म्हणत नाही गं," तो म्हणाला. "नुसतं लिहायचं आहे."

"भरपाई मी देईन," अमिता म्हणाली. "त्याची बेचाळीस पाखरं माझ्यामुळं गेली. मी ती कावळ्याच्या तोंडी दिली, आणि ते मी कुठंही कबूल करेन. पण मुनिया नव्हत्या असं मी लिहिणार नाही. आणि मी वेडी होते असंही नाही. मूर्ख होते. त्याची शिक्षा वेगळी असते."

"मग आईला तुरुंगात घालणार आहेस?"

हा वार वर्मी लागला. तिनं कागद टेबलावर ठेवला, पेन शेजारी ठेवलं आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. कदाचित तिनं सही केलीही असती. मी खोटं कशाला सांगू? सासूच्या वयाला जपावं हे तिच्या रक्तात भिनवलेलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत तो कागद तसाच समोर असता तर तिचा हात पेनाकडं गेला असता.

पण देवघराजवळून तारामतीबाईंची हाक आली. कात्री दे म्हणाल्या, नखं कापायची बारकी.

त्यांनी खोकं मांडीवर घेतलं होतं. आठवडाभर त्यांनी त्या पाखराकडं पाहायचं टाळलं होतं. आता डाव्या मुठीत त्यांनी मुनिया अलगद धरली, बनवारी धरायचा तशीच, आणि उजव्या हाताच्या नखानं दोरा सोडवू लागल्या. दोरा सुटेना. तो कातड्यात रुतून आत गेला होता, त्याच्याखालचा पाय वाळक्या काडीसारखा काळा पडला होता. त्यांनी कात्रीचं टोक घालून पाहिलं. पाखरानं चोच उघडली, पण त्यातून आवाज आला नाही. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"ह्या गाठी माझ्या हायत," त्या म्हणाल्या.

श्रीपाद म्हणाला, आई, तू यात पडू नकोस.

"म्या पडलेलीच हाय, बाळा. पैल्या शनिवारपासनं." त्या रडत नव्हत्या, पण त्यांचा आवाज कुठून तरी खोलातून येत होता. "एवढ्या शनिवारांची माझी दोनशे पाखरं. मला वाटलं म्या दोनशे जीव सोडवले. कात्री लावलेलं पाखरू किती येळा धरलं, किती येळा सोडलं, कुणास ठावं. आणि पाय बांधले ते म्या. त्यानं नुसतं जाळं लावलं, फास म्या आवळला." मग त्या सुनेकडं वळल्या. "तुजी गाठ कदी बांधली न्हाई म्या ह्यात. बरं झालं, एक तरी माणूस मोकळं ऱ्हायलं."

अमिता त्यांच्याजवळ जाऊन बसली. किती तरी वर्षांत पहिल्यांदा तिनं सासूचा हात धरला.

श्रीपादनं बरंच समजावून पाहिलं. वय पाहा, गुडघे पाहा, कोर्टाच्या पायऱ्या चढवणार आहेत का तुला. तारामतीबाई म्हणाल्या, देवळाच्या चढत व्हते की. आणि त्यांनी लुगडं सारखं करून चपला मागितल्या.

त्याच दुपारी दोघी जयंतीताईंना घेऊन झालान्याला वनखात्यात गेल्या. अमितानं जबाब स्वतः लिहिला. आवाराची कडी मी काढली, परवानगी घेतली नव्हती. मुनियांचे तीन आणि पोपटांचा एक असे पिंजरे होते, तेही मी उघडले. बेचाळीस बजरीगर माझ्या कृत्यामुळं मेले किंवा हरवले, त्याची जबाबदारी माझी. बजरीगरांचं एवढं सविस्तर कशाला, असं जयंतीताईंनी हळूच सुचवून पाहिलं. अमिता म्हणाली, अर्धं खरं लिहिलं तर त्याच्या तक्रारीत आणि माझ्या जबाबात फरक काय राहिला? तिच्या खाली तारामतीबाईंनी आपलं लिहवून घेतलं. तिथल्या अधिकाऱ्यानं दोनदा विचारलं, माताजी, खरेदी केली असं लिहिलं तर तुमच्यावरही कारवाई होऊ शकते, कळतंय ना? त्यांनी मान हलवली आणि सही केली. सही करताना त्यांना आपलं पूर्ण नाव बऱ्याच वर्षांनी लिहावं लागलं.

त्या जबाबावरून शनिवारी सकाळीच बनवारीच्या दुकानावर आणि नाल्याकाठी पथक गेलं. जाळी सापडली. नव्या पकडलेल्या मुनिया सापडल्या, त्यांतल्या दोघींच्या पायाला पिवळा दोरा होता. त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला. म्हणून अमितावरचा पुसला गेला असं मात्र नाही. तिची तारीख पुढच्या महिन्यात आहे. जयंतीताईंना दंडाची आशा आहे, खात्री नाही. तारामतीबाईंना नोटीस आली आहे, ती त्यांनी देवघरात ठेवली आहे. खोक्यातल्या मुनियेचा पाय डॉक्टरांना काढावा लागला. ती जगली, पण पिंजऱ्यातच राहील. बदलीची यादी लागली, तीत श्रीपादचं नाव नाही. तो घरात कमी बोलतो. पण समझोत्याचा तो कागद त्यानं स्वतःच्या हातानं फाडला, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगेन.

आणि एकविसावा शनिवार आला. दारावरची बेल वाजली तेव्हा तारामतीबाईच उठल्या. दारात बिमलाजी उभ्या होत्या, पोलीस येऊन गेल्यापासून पहिल्यांदा. मुलाचं लग्न पुन्हा मोडलं होतं. इकडंतिकडं पाहून त्यांनी हळूच विचारलं, बनवारीचं तर बंद झालं, आता पाखरं कुठं मिळतील? ऐकलंय की सांगानेरकडं कुणी नवा बसतो. माताजींना ठाऊक असेल.

तारामतीबाई आत गेल्या. हळदीची वाटी अजून देवघरात होती, वाळलेल्या दोऱ्यांसकट. त्यांनी त्यातला एक आणला, बिमलाजींच्या करंगळीभोवती गुंडाळला, आणि तीन गाठी मारल्या. घट्ट. बिमलाजींनी हात मागं ओढला, तर दोरा आणखी आवळला. बोटाचं टोक लाल झालं. तेव्हा तारामतीबाईंनी बारकी कात्री घालून तो कापला.

"उसका पांव गया," त्या आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या. "हम लेते हैं ना, बाई, इसलिए वो पकडता है. कोई नहीं लेगा तो किसको पकडेगा?"

बिमलाजी बोट चोळत उभ्या राहिल्या. मग जिना उतरून गेल्या. खाली फाटकाशी दोन रस्ते फुटतात, एक भाजीबाजाराकडं आणि एक सांगानेरच्या बसकडं. वरच्या दारातून ते फाटक दिसत नाही. तारामतीबाई कठडा धरून थोडा वेळ कानोसा घेत राहिल्या, पण रस्त्यावर पाऊल कुठं वळलं ते त्यांना कळलं नाही.

मलाही ठाऊक नाही. उद्या तुम्हालाही कुणीतरी असा उपाय सांगेल, आणि हातात पिंजरा देईल. त्याचं दार उघडण्याआधी, ते लावलं कुणासाठी, एवढं एकदा विचारा.